सॉफ्टवेअर परवान्याचे स्थानांतरण

सॉफ्टवेअर परवान्याचे स्थानांतरण म्हणजे एका संगणकावर वापरात असलेले सॉफ्टवेअर, तो संगणक किंवा त्याचे महत्त्वाचे भाग बदलल्यानंतर, दुसऱ्या यंत्रावर कायदेशीरपणे वापरण्याची प्रक्रिया आणि तिला लागू होणारे नियम होत. सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजणारा ग्राहक बहुधा त्या सॉफ्टवेअरचा मालक होत नाही. त्याला ठरावीक अटींवर ते वापरण्याची परवानगी मिळते. या परवानगीस परवाना असे म्हणतात. संगणक बदलल्यावर परवाना टिकतो की संपतो, हे मुख्यत्वे तो कशाशी जोडलेला आहे यावर ठरते. तो यंत्राशी, वापरकर्त्याच्या खात्याशी, संस्थेशी किंवा संगणकाला लावलेल्या एखाद्या कुलपाशी जोडलेला असू शकतो.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पैलू आहे. मराठी अक्षरजुळणीसाठी दीर्घकाळ वापरलेली अनेक सॉफ्टवेअरे हार्डवेअर कुलपावर चालत असत आणि त्यांतील मजकूर त्या त्या सॉफ्टवेअरच्या फाँटवर अवलंबून असे. त्यामुळे यंत्र बदलताना परवाना हातचा गेला, तर पैशांबरोबरच जुना मजकूर वाचण्याची सोयही गमावण्याचा संभव असतो.

संकल्पना

छापील पुस्तक एका कपाटातून काढून दुसऱ्या कपाटात ठेवले तरी वाचकाच्या हक्कात फरक पडत नाही. सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी आहे. ते स्थापित करताना हार्ड डिस्कवर त्याची प्रत तयार होते आणि चालवताना स्मृतीत आणखी एक तात्पुरती प्रत तयार होते. प्रत करण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा असल्यामुळे साध्या वापरालाही परवानगीची गरज भासते. अमेरिकेतील ‘एमएआय सिस्टिम्स विरुद्ध पीक कॉम्प्युटर’ या १९९३च्या निर्णयात, दुरुस्तीसाठी संगणक सुरू केल्यावर स्मृतीत तयार होणारी प्रतही कायद्याच्या दृष्टीने प्रतच ठरते, असे न्यायालयाने मानले. त्यानंतर १९९८मध्ये अमेरिकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन यंत्राच्या देखभालीसाठी व दुरुस्तीसाठी अशी प्रत करण्यास सूट देण्यात आली.

परवान्यांचे प्रकार

यंत्राशी जोडलेला परवाना: नव्या संगणकासोबत आधीच बसवून मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना सामान्यतः या प्रकारचा असतो. त्याला ओईएम परवाना म्हणतात. तो ज्या संगणकासोबत आला त्याच संगणकावर वापरायचा असतो आणि तो संगणक निकामी झाला की परवानाही संपतो. पूर्वी त्याची ओळख संगणकाच्या पेटीवर चिकटवलेल्या प्रमाणपत्रावरून पटे. विंडोज ८पासून उत्पादक ही किल्ली थेट मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये नोंदवू लागले.

किरकोळ परवाना: दुकानातून किंवा संकेतस्थळावरून स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना. विंडोजच्या बाबतीत तो दुसऱ्या संगणकावर नेता येतो, मात्र आधीच्या संगणकावरून ते सॉफ्टवेअर काढून टाकावे लागते. एकाच वेळी दोन यंत्रांवर तो चालवता येत नाही.

समूह परवाना: संस्था, महाविद्यालये व कार्यालये अनेक संगणकांसाठी एकत्रित परवाना घेतात. तो संस्थेच्या नावे असतो आणि संस्थेतील एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे वळवता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर परवान्यांना साधारणपणे ९० दिवसांची अट आहे. एकदा वळवलेला परवाना त्या मुदतीत पुन्हा वळवता येत नाही. यंत्र कायमचे निकामी झाल्यास मात्र या अटीतून सूट मिळते. समूह योजनेतून मिळणारी विंडोज ही मुख्यतः आवृत्तिवाढ असते. त्यामुळे नव्या संगणकासाठी मूळ विंडोजचा परवाना वेगळा असावा लागतो.

वर्गणी परवाना: यात परवाना यंत्राशी नव्हे, तर वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेला असतो. जुन्या यंत्रावरून खाते बंद करून नव्या यंत्रावर उघडले की काम भागते. वर्गणी थांबली की वापराचा हक्कही थांबतो.

कुलूपबंद परवाना: संगणकाच्या मागील जोडणीत एक छोटे उपकरण लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. या उपकरणास डाँगल म्हणतात; व्यवहारात त्याला नुसते ‘लॉक’ असेही म्हटले जाते. येथे परवाना प्रत्यक्षात त्या उपकरणातच असतो. ते हरवणे म्हणजे परवाना हरवण्यासारखेच होय.

प्रोसेसरवर आधारित परवाना: सर्व्हर व विदासंचांच्या काही सॉफ्टवेअरांचे शुल्क प्रोसेसरमधील गाभ्यांच्या संख्येवर ठरते. विंडोज सर्व्हर २०१६पासून एका सर्व्हरसाठी किमान १६ गाभ्यांचे परवाने घ्यावे लागतात. अशा वेळी संगणक तोच ठेवून केवळ अधिक गाभ्यांचा प्रोसेसर बसवला, तरी जादा परवान्यांची गरज पडू शकते.

मुक्त परवाना: जीएनयू सार्वजनिक परवान्यासारख्या मुक्त परवान्यांत संगणकांच्या संख्येवर वा यंत्रबदलावर बंधन नसते.

सुट्या भागांची अदलाबदल

स्मृती वाढवणे, हार्ड डिस्क बदलणे, ग्राफिक्स कार्ड किंवा वीजपुरवठ्याचा संच बदलणे यांमुळे विंडोजचा परवाना संपत नाही. निर्णायक भाग मदरबोर्ड हा होय. मायक्रोसॉफ्टच्या धोरणानुसार ओईएम परवाना असलेल्या संगणकाचा मदरबोर्ड बिघाडामुळे बदलला, तर परवाना कायम राहतो. मात्र केवळ अधिक क्षमतेसाठी तो बदलल्यास तो नवा संगणक मानला जातो व नव्या परवान्याची आवश्यकता निर्माण होते. म्हणून बिघाडामुळे मदरबोर्ड बदलून घेताना दुरुस्तीच्या पावतीवर बदलाचे कारण लिहून घेणे महत्त्वाचे ठरते.

सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकालाही हाच नियम लागतो. जुळवणी करणाऱ्याने त्यावर ओईएम परवाना बसवून दिला असेल, तर तो परवाना त्या संगणकापुरताच राहतो. विंडोज ७ किंवा ८ वरून विंडोज १० मध्ये झालेल्या विनामूल्य आवृत्तिवाढीने परवान्याचे स्वरूप बदलले नाही. मूळ परवाना ओईएम असेल, तर नव्या आवृत्तीचा परवानाही त्याच यंत्राशी बांधलेला राहिला.

सक्रियणाचा इतिहास

आरंभी परवान्याचे पालन वापरकर्त्याच्या प्रामाणिकपणावर व छापील अनुक्रमांकावर सोपवलेले असे. २००१मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने सक्रियण घरोघरी पोहोचवले. या प्रणालीत संगणकाच्या दहा प्रकारच्या घटकांवरून एक ओळखसंख्या तयार केली जाई. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक घटक बदलल्यास प्रणाली पुन्हा सक्रिय करावी लागे. महाजालाची जोडणी नसलेल्यांना दूरध्वनीवरून लांबलचक अंक सांगून हे काम उरकता येई.

२०१३मध्ये ऑफिस २०१३ या संचाच्या किरकोळ परवान्यातही एकाच संगणकाची अट घालण्यात आली होती. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी मार्चमध्ये ती शिथिल होऊन दुसऱ्या संगणकावर स्थानांतर करण्याची मुभा मिळाली. विंडोज १०मध्ये २०१५पासून डिजिटल परवान्याची पद्धत रूढ झाली. २०१६पासून तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागला, त्यामुळे हार्डवेअर बदलल्यानंतर खात्यामार्फत पुन्हा सक्रियण करणे सुलभ झाले. अर्थात त्यासाठी यंत्र बदलण्यापूर्वीच खाते जोडलेले असावे लागते.

सक्रियणाचा एक धोका असा की विक्रेत्याचा सर्व्हर बंद पडल्यास रीतसर घेतलेले सॉफ्टवेअरही नव्या यंत्रावर सुरू होत नाही. अडोबीने क्रिएटिव्ह सूट २ या संचाचा सक्रियण सर्व्हर बंद केला, तेव्हा परवानाधारकांसाठी सक्रियणाविना चालणारी आवृत्ती व वेगळे अनुक्रमांक उपलब्ध करून द्यावे लागले.

मराठी सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर कुलूप

संगणकावर भारतीय लिप्या आणण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत लिपीची सोय हीच हार्डवेअरच्या रूपात होती. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसारित केलेले जिस्ट कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसवले की डॉस प्रणालीत देवनागरी अक्षरे दिसू लागत. नव्या संगणकांतून त्या प्रकारची खाच नाहीशी झाल्यावर हे कार्ड पुढच्या यंत्रात नेणेच अशक्य झाले. येथे हक्क शाबूत असूनही वापर संपुष्टात आला.

विंडोजच्या काळात सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी ही सॉफ्टवेअरे मराठी छपाई व कार्यालयीन कामात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्यांच्या अनेक आवृत्त्या लॉकवर चालत. प्रारंभीची लॉक प्रिंटरच्या समांतर जोडणीत बसत. नंतरच्या संगणकांतून ती जोडणी वगळली गेली आणि यूएसबी लॉकचा काळ आला. शिवाय लॉकसाठी लागणारा जुना चालक प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेलच असे नसे. १६-बिटी प्रोग्रॅम ६४-बिटी विंडोजवर मुळीच चालत नाहीत. यामुळे जुन्या लॉकचा धनी असूनही वापरकर्त्याला आवृत्तिवाढ घेणे किंवा जुना संगणक जपून ठेवणे, एवढेच पर्याय उरत.

या सॉफ्टवेअरांतील मजकूर युनिकोडमध्ये नसून त्यांच्या स्वतंत्र संकेतनात असे. संबंधित फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. पेजमेकरमध्ये जुळवलेल्या पुस्तकांची अवस्था आणखी बिकट आहे, कारण २००१मध्ये आलेली सातवी आवृत्ती ही त्याची अखेरची मुख्य आवृत्ती ठरली. म्हणून जुने यंत्र चालू असतानाच मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि पानांची पीडीएफ प्रत काढून ठेवणे हा परवान्याच्या स्थानांतरणाचाच एक भाग मानला पाहिजे. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही एका विक्रेत्याच्या परवान्यावर अवलंबून राहत नाही.

भारतीय कायदा

प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणक प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतींत होते. १९८४च्या दुरुस्तीने ही तरतूद झाली. कलम ५२(१)(एए) नुसार प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ज्या कामासाठी तो पुरवला गेला त्या कामासाठी त्याचा उपयोग करण्याकरिता प्रत करता येते. प्रत हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रतही ठेवता येते. कलम ५२(१)(एडी) मध्ये वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी, स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून प्रत करण्याची मुभा आहे. संगणक बदलण्याचा थेट उल्लेख या कलमांत नाही. त्यामुळे व्यवहारात हा प्रश्न बहुधा परवाना करारातील अटींवरच सोडवला जातो.

प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३बी अन्वये किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यापाराच्या ओघात झालेला नसेल, तर न्यायालय कारावास न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ए नुसार, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण फोडणे हाही गुन्हा आहे. लॉकची नक्कल करून सॉफ्टवेअरच्या अनधिकृत प्रती चालवणे या कलमाच्या कक्षेत येऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने ‘टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ (२००४) या प्रकरणात तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ असल्याचा निर्णय दिला. ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स’ (२०२१) या आयकरविषयक प्रकरणात, अंतिम वापरकर्त्याच्या करारातून ग्राहकाला प्रताधिकारातील हक्क मिळत नाहीत, त्यामुळे त्यापोटी दिलेली रक्कम स्वामित्वशुल्क ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे दोन्ही निर्णय करांविषयीचे आहेत. यंत्रबदलाचा प्रश्न त्यांत थेट आलेला नाही.

इतर देशांतील भूमिका

वापरलेल्या परवान्याच्या विक्रीबाबत न्यायालयांची मते भिन्न आहेत. युरोपीय न्यायालयाने ‘यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ (२०१२) या निर्णयात, कायमस्वरूपी परवाना विकत घेणारा तो पुढे विकू शकतो, मात्र विकताना स्वतःजवळची प्रत निरुपयोगी केली पाहिजे, असे ठरवले. अमेरिकेत ‘व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क’ (२०१०) या प्रकरणात अपील न्यायालयाने उलट भूमिका घेतली. कराराने हस्तांतरावर बंधने घातली असतील, तर ग्राहक हा मालक नसून केवळ परवानाधारक असतो, असे त्या न्यायालयाने मानले.

भंडारा जिल्ह्यातील संदर्भ

पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके आहेत. जिल्ह्याचे मुख्यालय नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तालुक्याच्या गावी वापरात असणाऱ्या संगणकांत परवान्यांचे जवळपास सर्व प्रकार आढळू शकतात आणि प्रत्येकाला वेगळा नियम लागतो.

ग्रामपंचायतींमध्ये २०११पासून संग्राम प्रकल्पातून आणि नंतर आपले सरकार सेवा केंद्रांतून संगणकीय सेवा दिल्या जाऊ लागल्या. यांतील बरेचसे काम महाजालावरील संकेतस्थळांवर चालते. त्यामुळे यंत्र बदलले तरी सेवेचा हक्क खात्यावर कायम राहतो. सातबारा व फेरफाराच्या कामात लागणारी डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी किल्ली दिसायला लॉकसारखी असली, तरी ती सॉफ्टवेअरचा परवाना नसून व्यक्तीची ओळख असते. नव्या संगणकावर तिचा चालक प्रोग्रॅम बसवला की ती चालते. ती दुसऱ्याच्या हाती देणे मात्र योग्य नव्हे.

शाळांना संगणक पुरवणारी आयसीटी योजना महाराष्ट्रात ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर राबवली गेली. कराराची मुदत संपल्यावर पुरवठादाराकडून संगणक शाळेच्या ताब्यात येतात. ओईएम परवाना यंत्रासोबतच जात असल्याने तो शाळेकडे येऊ शकतो. पुरवठादाराच्या नावे असलेला समूह परवाना मात्र आपोआप शाळेचा होत नाही. हस्तांतराच्या कागदांत हा फरक नोंदला गेला नाही, तर शाळेच्या प्रयोगशाळेत यंत्रे राहतात आणि वापराचा हक्क राहत नाही.

भातगिरण्या, भांडी व्यापारी आणि दुकानदार यांच्या हिशेबासाठी टॅलीसारखे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. टॅलीच्या परवान्यात जुन्या संगणकावर परवाना ‘सरेंडर’ करून मग नव्या यंत्रावर सक्रिय करण्याची पद्धत आहे. हिशेबाची विदा वेगळी नक्कल करून न्यावी लागते. परवाना नेल्याने विदा येत नाही.

२०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुराचे पाणी भंडारा शहरात शिरले होते. अशा आपत्तीत यंत्र एकाएकी निकामी झाल्यास जुन्या संगणकावरून परवाना परत करण्याची संधीच मिळत नाही. ओईएम परवाना त्या यंत्राबरोबर संपतो. किरकोळ व कुलूपबंद परवाने मात्र खरेदीची पावती, अनुक्रमांक किंवा मूळ लॉक दाखवून विक्रेत्याच्या साहाय्याने पुन्हा मिळवणे शक्य असते. हे पुरावे त्याच संगणकात किंवा त्याच टेबलाच्या खणात ठेवलेले असतील, तर तेही हातचे जातात.

संगणक बदलण्यापूर्वीची कार्यवाही

पुढील क्रम बहुतेक परवान्यांना लागू पडतो:

१. संगणकावरील सॉफ्टवेअरांची यादी करून प्रत्येकाच्या परवान्याचा प्रकार, अनुक्रमांक, खरेदीची तारीख व विक्रेता यांची नोंद करणे. विंडोजचा परवाना ओईएम आहे की किरकोळ, हे प्रणालीतील परवाना-माहितीच्या आज्ञेने कळते.

२. पावत्यांच्या व प्रमाणपत्रांच्या प्रती संगणकाबाहेर, शक्यतो वेगळ्या जागी ठेवणे.

३. खात्याशी जोडता येणारे परवाने जुने यंत्र चालू असतानाच खात्याशी जोडणे.

४. विदेची राखीव प्रत घेऊन ती उघडते याची खात्री करणे आणि जुन्या फाँटमधील मजकुराचे रूपांतर करणे.

५. लॉकची जोडणी व चालक प्रोग्रॅम नव्या यंत्राशी जुळतात का, हे खरेदीपूर्वी तपासणे.

६. जुन्या यंत्रावरील सॉफ्टवेअर निष्क्रिय करणे किंवा सरेंडर करणे, मग ते काढून टाकणे.

७. यानंतरच जुने यंत्र विकणे, दान करणे किंवा ई-कचरा म्हणून अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे सोपवणे.

मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय

लिनक्सवर आधारित प्रणाली व लिबरऑफिस यांना यंत्रबदलाचे बंधन नसल्याने वारंवार संगणक बदलणाऱ्या किंवा अनेक जुने संगणक चालवणाऱ्या संस्थांना ती सोयीची ठरतात. केरळच्या सरकारी शाळांत अशा मुक्त प्रणालीचा वापर दीर्घकाळ सुरू आहे. सी-डॅकची बॉस लिनक्स ही भारतीय भाषांना पाठबळ देणारी प्रणाली आहे, तर केंद्र सरकारने २०१५मध्ये शासकीय कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

विंडोज १०ची नियमित सहायता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व ठरावीक प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक चालू स्थितीतील संगणक अधिकृत आवृत्तिवाढीस अपात्र ठरतात. अशा संगणकांच्या धारकांपुढे नवे यंत्र घेऊन परवान्यांचे स्थानांतर करणे किंवा जुन्या यंत्रावर मुक्त प्रणाली बसवणे, हे दोन मार्ग प्रामुख्याने राहतात. मुक्त प्रणाली स्वीकारल्यास विंडोजवर अवलंबून असलेली हिशेबाची व अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे तिच्यावर चालतील की नाही, हे आधी पाहावे लागते. परवाने, लॉक आणि जुना मजकूर यांची नोंद हाताशी असेल, तर ही निवड वापरकर्त्याला स्वतः करता येते.

हेही पाहा

प्रताधिकार
मुक्त सॉफ्टवेअर
युनिकोड
श्री-लिपी
प्रगत संगणन विकास केंद्र
भंडारा जिल्हा